सुपर मारिओ ब्रदर्स

सुपर मारिओ ब्रदर्स हा जपानमधील क्योतो येथील निन्टेंडो या कंपनीने तयार केलेला व्हिडिओ गेम आहे. तो १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' (संक्षेपाने फॅमिकॉम) या घरगुती यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. अमेरिकेत हेच यंत्र 'निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम' या नावाने विकले गेले. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे या खेळाचे मुख्य रचनाकार असून संगीत कोजी कोंदो यांचे आहे. खेळाच्या चार कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आणि सुमारे दोन दशके तो जगातील सर्वाधिक खपाचा व्हिडिओ गेम मानला जात होता.

भारतात १९९० च्या दशकात बालपण घालवलेल्या पिढीला हा खेळ 'मारिओ' या एकाच शब्दाने परिचित आहे. या पिढीचे त्याविषयीचे प्रेम हे बव्हंशी स्मरणरंजन आहे, असे म्हटले जाते. ते काही अंशी खरेही आहे. परंतु ज्यांच्या जन्मापूर्वीच फॅमिकॉम कालबाह्य झाले होते, अशी मुलेही हा खेळ हाती आल्यावर रमतात. त्याचा उलगडा आठवणींच्या आधारे होत नाही. त्यासाठी खेळाची घडण पाहावी लागते.

पार्श्वभूमी

निन्टेंडोची स्थापना १८८९ मध्ये 'हानाफुदा' हे जपानी पत्ते तयार करण्यासाठी झाली. खेळणी आणि त्यानंतर इलेक्ट्रॉनिक खेळ या क्षेत्रांत ती पुढे हिरोशी यामाउची यांच्या कारकिर्दीत उतरली. १९८१ मध्ये आलेल्या 'डाँकी काँग' या नाण्यावर चालणाऱ्या खेळात एका सुताराची आकृती होती. तिला सुरुवातीला 'जंपमॅन', म्हणजे उड्या मारणारा माणूस, एवढेच नाव होते. 'मारिओ' हे नाव कंपनीच्या अमेरिकेतील गोदामाच्या मालकावरून पडले. १९८३ च्या 'मारिओ ब्रदर्स' मध्ये हा सुतार नळ-कारागीर झाला आणि त्याला लुइजी नावाचा भाऊ मिळाला.

मारिओचे रूप कोणा चित्रकाराच्या लहरीतून आलेले नाही. ते यंत्राच्या मर्यादांतून आले. काही मोजक्या चित्रबिंदूंत तोंड रेखाटणे अवघड होते, म्हणून नाकाखाली मिशी आली. केस काढणे आणि उडी मारताना ते हलताना दाखवणे जमण्यासारखे नव्हते, म्हणून टोपी आली. हातांची हालचाल अंगापासून वेगळी दिसावी यासाठी अंगरखा आणि त्यावरील विजार वेगवेगळ्या रंगांची केली गेली.

१९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता. निकृष्ट खेळांचा सुळसुळाट झाल्यामुळे दुकानदारांचा या वस्तूवरील विश्वास उडाला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये जपानात फॅमिकॉम विक्रीस आले आणि तेथे ते चांगले रुजले. तोवरच्या बहुतेक खेळांत पडद्याची पार्श्वभूमी काळी असे आणि सारा खेळ एकाच स्थिर पडद्यावर घडे. मोठ्या आकाराचे पात्र निळ्या आकाशाखालून चालत आहे आणि भूमी सतत पुढे सरकत आहे, अशी मियामोतो यांची कल्पना होती. चकत्यांवर चालणारे नवे उपकरण लवकरच येणार असल्याने, कार्ट्रिजवर जे जे करता येते त्याचा हा परमोत्कर्ष ठरावा, असाही त्यांचा हेतू होता.

टप्प्यांचे आराखडे आलेख-कागदावर हाताने काढले जात. बदल सुचवायचा असल्यास त्यावर पारदर्शक कागद ठेवून नवी रेघ ओढली जाई आणि मग तो कागद तोशिहिको नाकागो व त्यांचे सहकारी यांच्याकडे आज्ञावली लिहिण्यासाठी जाई.

खेळाचे स्वरूप

खेळात आठ 'जगे' असून प्रत्येकाचे चार टप्पे आहेत. एकूण टप्पे ३२. ते १-१, १-२ असे ओळखले जातात. मारिओला डावीकडून उजवीकडे जायचे असते. पडदा मागे सरकत नाही. एकदा मागे पडलेली जागा कायमची सुटते. प्रत्येक जगाचा चौथा टप्पा हा किल्ला असतो. तेथे पुलावर बाउझर नावाचा, कासवासारखे कवच असलेला राक्षस उभा असतो. त्याच्या पलीकडची कुऱ्हाड गाठली की पूल कोसळतो आणि तो खालच्या लाव्हारसात पडतो. आगीचे गोळे मारूनही त्याला संपवता येते. तसे केल्यास पहिल्या सात किल्ल्यांतील बाउझर तोतया असल्याचे उघड होते, कारण मरताना त्याच्या जागी एखादा साधा शत्रू दिसतो. हे कधीच न कळलेले खेळाडू बहुसंख्य असतील.

लहान मारिओ अळिंबी खाल्ल्यावर मोठा होतो आणि फूल मिळाल्यास आगीचे गोळे फेकू लागतो. चांदणी मिळाल्यावर काही क्षण तो अजिंक्य असतो. शंभर नाणी जमवली की एक जीव अधिक मिळतो. प्रारंभी तीन जीव असतात. पहिल्या टप्प्याला ४०० एकके वेळ दिलेला आहे, पण हे एकक सेकंदाचे नसून सेकंदाच्या सुमारे दोन-पंचमांश इतके लहान आहे. म्हणजे प्रत्यक्षात अडीच मिनिटांहून थोडाच अधिक वेळ हाती असतो. शंभर एकके उरली की संगीत वेगाने वाजू लागते.

दोघांना खेळता येते, मात्र आळीपाळीने. दुसऱ्या खेळाडूचा लुइजी म्हणजे रंग बदललेला मारिओच होय. ज्या घरांत दोन भावंडे होती, तेथे लुइजी बहुधा धाकट्याच्या वाट्याला येई.

पहिला टप्पा: शब्दांविना शिकवणी

खेळाचा पहिला टप्पा, १-१, हा इतर अनेक टप्पे तयार झाल्यावर रचला गेला. खेळाडूला काय काय यायला हवे हे तोवर रचनाकारांना नेमके कळले होते. हा टप्पा म्हणजे एक पाठ आहे, आणि त्यात सूचनेचा एकही शब्द नाही.

मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उजवीकडे तोंड करून उभा असतो आणि त्याच्यापुढे मोकळी जागा असते. कोणीही न सांगता मूल त्याला उजवीकडे चालवते. थोड्याच अंतरावर समोरून रागीट भुवयांचा, तपकिरी रंगाचा एक जीव येतो. हा गूम्बा. त्याला धडकल्यास मारिओ मरतो. पण हे पहिल्याच काही सेकंदांत घडत असल्याने गमावण्यासारखे काहीच नसते. खेळ पुन्हा तेथूनच सुरू होतो आणि मूल दुसऱ्या वेळी उडी मारून पाहते. उडी त्याच्या डोक्यावर पडली तर तो चिरडला जातो. 'शत्रूला स्पर्श घातक, पण वरून पडलेला घाव उपकारक' हा खेळाचा पहिला नियम अशा रीतीने पाठ होतो.

लगतच विटांची एक रांग आहे व तीत प्रश्नचिन्ह असलेल्या चमकत्या पेट्या आहेत. पेटीला खालून डोके आपटल्यास एकीतून नाणे येते, दुसरीतून अळिंबी. येथे रचनाकारांपुढे एक अडचण होती. अळिंबीचा आकार गूम्बासारखाच असल्यामुळे, नुकतेच गूम्बाकडून मार खाल्लेले मूल तिला शत्रू समजून पळ काढील, ही भीती होती. म्हणून अळिंबी आधी मारिओपासून दूर, उजवीकडे सरकते. ती खाली पडते, पुढच्या हिरव्या नळावर आदळते आणि उलट फिरून मारिओकडे येते. मूल घाबरून उडी मारू लागले तर वरच्या विटांना डोके लागते आणि मारिओ परत खाली येतो. अळिंबी चुकवणेच कठीण करून ठेवले आहे. ती अंगावर आली की मारिओ मोठा होतो, भीतीचे आनंदात रूपांतर होते, आणि ही वस्तू हिताची आहे हे पुन्हा सांगावे लागत नाही.

पुढचे नळ क्रमाक्रमाने उंच होत जातात. त्यामुळे बटण अधिक वेळ दाबल्यास उडी उंच जाते हे हाताला कळते. टप्प्याच्या उत्तरार्धात समोरासमोर दोन जिने आहेत. पहिल्या जोडीच्या मधे सपाट जमीन आहे, तेथे पाय चुकला तरी काही बिघडत नाही. अगदी तसाच आकार थोड्या अंतराने पुन्हा येतो, पण यावेळी मधे खड्डा असतो. आधी निर्धोक सराव आणि मग तीच कृती जोखमीसह, हा क्रम चांगल्या शिक्षकाला अपरिचित नाही. मात्र पाठ्यपुस्तकांतही तो इतक्या चोखपणे क्वचितच पाळलेला आढळतो.

पुढच्या टप्प्यांत नवा शत्रू किंवा नवा अडथळा आला की तो प्रथम एकटा व सोप्या जागी येतो आणि नंतर इतरांच्या जोडीने. सातव्या-आठव्या जगात मात्र रचनाकारांचा हा दयाळूपणा बराच ओसरतो.

उडी

या खेळात सर्वाधिक वेळा केली जाणारी क्रिया उडी ही आहे आणि तिच्यावर सर्वाधिक मेहनत घेतलेली दिसते. 'डाँकी काँग' मध्ये उडी एकाच मापाची होती. जमीन सुटली की दिशा बदलता येत नसे. १९८५ सालच्याच 'घोस्ट्स एन गॉब्लिन्स' या गाजलेल्या खेळातही हीच स्थिती होती. सुपर मारिओ ब्रदर्समध्ये बटण किती वेळ दाबले यावर उडीची उंची ठरते, धावत असल्यास ती लांब जाते, आणि हवेत असतानाही मारिओला थोडे पुढे-मागे वळवता येते. हे भौतिकशास्त्राला धरून नाही. वर जाताना, बटण दाबलेले असेपर्यंत, गुरुत्वाकर्षण कमी असते आणि खाली येताना अधिक. म्हणून मारिओ वर तरंगत जातो व खाली निश्चयाने उतरतो. खऱ्या जगात असे घडत नाही, पण उडी मारणाऱ्याला ती जशी वाटते तिच्या हे जवळ जाणारे आहे.

जमिनीवरही मारिओला जडत्व आहे. तो एकदम वेग घेत नाही आणि उलट दिशा दाबताच एकदम थांबतही नाही, थोडा घसरतो. नवख्याला हे घसरणे चीड आणते. सरावलेला खेळाडू मात्र तेच वापरून अरुंद खांबावर नेमका थांबतो. अपयश आले की दोष आपल्या बोटाचा होता, यंत्राचा नव्हता, असे खेळाडूला वाटते. बहुतेक वेळा ते खरेही असते. 'आणखी एकदाच' असे म्हणून मुले तासन्‌तास बसत, त्याचे कारण येथे आहे.

चाळीस किलोबाइट

सगळा खेळ ४० किलोबाइटमध्ये, म्हणजे ४०,९६० बाइटमध्ये सामावलेला आहे. यातील ३२ किलोबाइट आज्ञावली, टप्पे व संगीत यांसाठी आणि ८ किलोबाइट चित्रांसाठी आहेत. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, हे लक्षात घेता प्रस्तुत लेखाचा नुसता मजकूर साठवण्यासही जवळपास तेवढीच जागा लागेल. यंत्राची तात्पुरती स्मृती तर अवघी २ किलोबाइट होती.

या काटकसरीच्या खुणा पडद्यावर उघड दिसतात, पण दाखवून दिल्याशिवाय ध्यानात येत नाहीत. आकाशातील पांढरा ढग आणि जमिनीवरील हिरवे झुडूप यांची आकृती एकच आहे, फक्त रंग निराळे. गूम्बाचे चालण्याचे चित्र एकच आहे. ते आळीपाळीने आरशातल्यासारखे उलटे केले की दोन पावले टाकल्याचा भास होतो. टप्प्याचे संपूर्ण चित्र साठवलेले नसून 'येथे नळ', 'येथे इतक्या विटा' अशा त्रोटक नोंदी साठवलेल्या आहेत. काही टप्पे तर थोडे अवघड करून पुन्हा वापरले आहेत: ५-३ हा मुळात १-३ आहे, ७-२ हा २-२ आहे आणि ६-४ हा किल्ला १-४ चाच आहे. लक्षपूर्वक खेळणाऱ्याला ही पुनरावृत्ती जाणवते आणि ती खेळाची उणीवच म्हटली पाहिजे.

संगीत

फॅमिकॉममध्ये एका वेळी सुरांच्या तीन आणि खरखरीसारख्या आवाजाची एक अशा चार वाहिन्या वाजू शकत; ध्वनिमुद्रित नमुन्यांसाठी पाचवी वाहिनी होती, तिचा या खेळात उपयोग केलेला नाही. कोंदो यांनी भूपृष्ठावरील टप्प्यांसाठी प्रथम जी सुरावट केली होती ती संथ होती. मारिओच्या धावण्या-उडण्याशी तिचा मेळ बसेना, म्हणून ती टाकून देऊन नवी उसळती चाल बांधली गेली. भुयारातील संगीत याच्या अगदी उलट आहे: मोजके खालचे स्वर आणि त्यांमध्ये शांतता. पाण्याखालील टप्प्यांना तीन मात्रांची संथ चाल आहे.

उडीच्या आवाजासाठी निराळी वाहिनी उपलब्ध नव्हती. म्हणून मारिओ उडी मारतो तेव्हा संगीताचा एक सूर क्षणभर बाजूला होतो आणि उडीचा आवाज त्याची जागा घेतो. ऐकणाऱ्याचे कान तुटलेला सूर आपोआप भरून काढतात. उडीमुळे संगीतात खंड पडत असूनही ते कोणालाही कधी तुटक वाटलेले नाही.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय सूचीत या चालीचा समावेश केला. व्हिडिओ गेमच्या संगीताला हा मान प्रथमच मिळाला.

गुपिते आणि चुका

रचनाकारांनी खेळात अनेक गोष्टी मुद्दाम दडवल्या. १-२ च्या अखेरीस छतावरून चालत गेल्यास 'वार्प झोन' लागतो आणि तेथून थेट दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या जगात जाता येते. ४-२ मधूनही असेच पुढे जाता येते. टप्प्याच्या शेवटी ध्वजस्तंभ गाठताना घड्याळाचा शेवटचा अंक १, ३ किंवा ६ असेल तर तितके फटाके उडतात. शेजारच्या मुलाने सांगितलेली अशी एखादी गोष्ट खरी निघाली की बाकीच्या दहा थापाही खऱ्या वाटत आणि त्या पडताळण्यात सुटी निघून जाई.

काही गोष्टी मात्र चुकीने राहून गेल्या. १-२ मध्ये विशिष्ट प्रकारे भिंतीतून आरपार गेल्यास मारिओ 'उणे जगात' पोहोचतो. तेथील पाण्याखालचा टप्पा कधीच संपत नाही. यामागील कारण गमतीचे आहे. वार्प झोनची पाटी पडद्यावर येण्यापूर्वीच खेळाडू नळात शिरतो, त्यामुळे यंत्र दुसऱ्याच एका वार्प झोनची नोंद वाचते. तिच्यात रिकामी चौकट दाखवणारा ३६ हा अंक असतो. यंत्र त्यालाच जगाचा क्रमांक समजते, आणि पडद्यावर क्रमांकाच्या जागी काहीच न उमटता केवळ '-१' दिसते.

दुसरी चूक लोभी खेळाडूंना भोवते. ३-१ च्या शेवटी जिन्यावरून उतरणाऱ्या कासवावर पुन्हा पुन्हा उडी मारून हवे तितके जीव मिळवता येतात. पण जीवांची संख्या एका बाइटमध्ये साठवलेली असून १२७ च्या पुढे गेल्यास ती ऋण समजली जाते. अशा वेळी मारिओ मेला की खेळ तत्काळ संपतो.

आज वेगाने खेळ संपवण्याच्या स्पर्धेत या साऱ्या बारकाव्यांचा कस लागतो. एक टप्पा संपून दुसरा सुरू होण्याची तपासणी यंत्र दर २१ चित्रचौकटींनी, म्हणजे सेकंदाच्या सुमारे एक-तृतीयांश अंतराने करते. त्यामुळे त्याहून कमी वाचवलेला वेळ वाया जातो, जणू पुढची बस ठरल्या वेळीच सुटणार असावी. २०२१ मध्ये संपूर्ण खेळ ४ मिनिटे ५५ सेकंदांच्या आत संपवण्यात प्रथमच यश आले.

महाराष्ट्रातील मारिओ

१९९० च्या दशकात भारतातील बहुसंख्य मुलांनी निन्टेंडोचे मूळ यंत्र कधी पाहिलेही नव्हते. त्यांच्या घरी आली ती फॅमिकॉमच्या धर्तीवर बनवलेली स्वस्त यंत्रे. 'मीडिया', 'लिटल मास्टर' ही त्यांची काही नावे. मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, आणि तेथून गावोगावच्या खेळण्यांच्या दुकानांत, ती मिळत. ज्यांना घेणे परवडत नसे ती मुले तासावर पैसे देऊन व्हिडिओ गेमच्या दुकानांत खेळत.

कार्ट्रिजला सर्वत्र 'कॅसेट' म्हणत. कॅसेटवर '९९९९ इन १' असे छापलेले असे. प्रत्यक्षात तीत मोजकेच खेळ असत आणि तेच निरनिराळ्या नावांनी किंवा वेगळ्या टप्प्यापासून सुरू करून पुन्हा पुन्हा यादीत घातलेले असत. एकट्या मारिओचेच कितीतरी 'खेळ' होत. या प्रती अनधिकृत होत्या आणि मूळ रचनाकारांना त्यांतून काही मिळत नव्हते, ही बाब खेळणाऱ्यांपैकी क्वचितच कोणाला ठाऊक होती. एका पिढीच्या प्रिय आठवणी नकली मालावर उभ्या आहेत, हे आज मान्य करण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. अधिकृत वस्तू त्या मुलांच्या आवाक्यात कधी आलीच नव्हती.

कॅसेट चालली नाही की ती काढून तिच्या कडेवर फुंकर मारण्याचा विधी जपान-अमेरिकेप्रमाणेच येथेही रूढ होता. फुंकरीने काही साधत नसे. श्वासातील ओलाव्याने धातूच्या पट्ट्या उलट खराब होण्याची शक्यता असते आणि म्हणून निन्टेंडोनेही असे करू नये असे सांगितले होते. गुण येई तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने, पण श्रेय फुंकरीला मिळे.

खेळ अर्धवट राखून ठेवण्याची सोय मुळातच नव्हती. सर्व जीव संपल्यावर शीर्षकाच्या पडद्यावर 'ए' हे बटण दाबून धरून 'स्टार्ट' केल्यास गमावलेल्या जगाच्या आरंभापासून पुन्हा खेळता येई. ही युक्ती ज्याला ठाऊक असे त्याचा गल्लीत मान असे. तथापि ती यंत्र चालू असेपर्यंतच उपयोगाची. भारनियमनाची वेळ झाली, किंवा बातम्यांसाठी वडीलधाऱ्यांनी टीव्ही मागितला आणि कोणी यंत्र बंद केले, की सातव्या जगात पोहोचलेला मारिओ पुन्हा १-१ च्या दाराशी येई. यामुळेच पहिल्या जगातील प्रत्येक वीट मुखोद्गत असलेले आणि आठवे जग कधीही न पाहिलेले खेळाडू महाराष्ट्रात मोठ्या संख्येने आढळतात.

मराठी माध्यमातील मुलाला या खेळात परकेपणा वाटला नाही, याचे श्रेय पुन्हा १-१ च्या रचनेकडे जाते. पडद्यावर इंग्रजी शब्द थोडेच येतात आणि त्यांपैकी एकही वाचल्यावाचून खेळ अडत नाही. राजकन्या या किल्ल्यात नसून दुसऱ्याच किल्ल्यात आहे, असे पहिल्या सात किल्ल्यांच्या शेवटी सांगणारा निरोप हेच काय ते वारंवार येणारे वाक्य; आणि जपानी आवृत्तीतही ते इंग्रजीतच होते. म्हणजे क्योतोचा मुलगा आणि कोल्हापूरचा मुलगा या बाबतीत एकाच पायरीवर उभे होते. त्या काळातील संवादांनी भरलेले कथाप्रधान खेळ याच मुलांच्या हाती आले असते, तर ते त्यांनी बाजूला ठेवले असते.

स्मरणरंजन आणि खेळाचा कस

भूतकाळाच्या ओढीसाठी युरोपीय भाषांत रूढ असलेला 'नोस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घडवला. घरापासून दूर असलेल्यांना जडणाऱ्या आजाराचे ते नाव होते. मराठीतील 'स्मरणरंजन' या शब्दात आजाराची छटा नाही. उलट रंजनाची आहे, आणि रंगवण्याचीही. मारिओच्या आठवणीतील उन्हाळ्याची सुटी, चुलतभावंडांची गर्दी, पंख्याचा आवाज हे सारे खेळाच्या बाहेरचे आहे. ते वजा केल्यावर खेळात काय उरते, हा खरा प्रश्न होय.

त्याच कॅसेटमधील इतर खेळ आज लावून पाहिल्यास याचे उत्तर मिळते. त्यांपैकी बहुतेक पाच-दहा मिनिटांत कंटाळवाणे होतात. त्यांच्याविषयीचा जिव्हाळा आठवणींपुरताच होता, हे तेव्हा कळते. मारिओ मात्र हातात टिकतो, कारण त्याची उडी तेव्हाइतकीच आज्ञाधारक आहे आणि पहिला टप्पा नव्या मुलालाही तितक्याच तत्परतेने शिकवतो.

याचा अर्थ खेळ निर्दोष आहे असा नाही. ४-४, ७-४ व ८-४ या किल्ल्यांत चक्रव्यूह आहेत आणि योग्य वाट कोणती याची नीट खूण तेथे नाही. चुकल्यास तीच जागा पुन्हा येते आणि वेळ संपतो. ही कोडी नसून अंदाजपंचे आहेत. मागे न फिरणारा पडदा हुकलेली नाणी पाहत राहायला लावतो. राजकन्येला पळवून नेले जाण्यापलीकडे काही करायला नाही. आणि अखेरच्या जगांतील हातोडे फेकणारी कासवे आजच्या खेळाडूला अन्यायकारक वाटल्यास त्याला दोष देता येणार नाही.

उत्तरकाळ

जपानमध्ये १९८६ मध्ये याच धर्तीचा पण फार अवघड असा दुसरा भाग निघाला. तो अमेरिकेत न पाठवता तेथे १९८८ मध्ये एका वेगळ्याच खेळात मारिओची पात्रे घालून दुसरा भाग म्हणून विकला गेला. तिसऱ्या भागाने (१९८८) मूळ कल्पना बरीच विस्तारली. १९९३ मध्ये सुधारित चित्रांसह पुनरावृत्ती आली. २०१५ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथील 'वर्ल्ड व्हिडिओ गेम हॉल ऑफ फेम' ने पहिल्याच वर्षी निवडलेल्या सहा खेळांत याचा समावेश होता. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या सांगता समारंभात जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे मारिओच्या वेशात हिरव्या नळातून अवतरले. २०२१ मध्ये न उघडलेली एक मूळ प्रत वीस लाख डॉलरना विकली गेली. ती विकत घेणाऱ्यांना खेळायची नव्हती, हे उघडच आहे.

खेळाचा मजकूर आज सुरक्षित आहे, मात्र अनुभवाबद्दल तसे म्हणता येत नाही. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर बटण दाबणे आणि मारिओने उडी घेणे यांत जाणवण्याजोगा विलंब नव्हता. सपाट पडद्याचे अनेक टीव्ही चित्र दाखवण्यापूर्वी त्यावर प्रक्रिया करतात आणि त्यात काही चौकटींचा वेळ जातो. अनुकरण करणाऱ्या स्वस्त यंत्रांत आणखी भर पडते. एरव्ही हा उशीर जाणवला नसता, परंतु सारा खेळ ज्या उडीवर उभा आहे ती नेमकी यातच बिघडते. पंचवीस वर्षांनी मारिओ हाती घेतलेला माणूस पहिल्याच खड्ड्यात पडतो आणि आपला हात गेला असे समजतो, तेव्हा चूक त्याची असेलच असे नाही. टीव्हीच्या रचनेत 'गेम मोड' असल्यास तो लावून पाहावा. निन्टेंडोने फॅमिकॉमचे उत्पादन २००३ मध्ये थांबवले आणि २००७ मध्ये जुन्या यंत्रांची दुरुस्तीही बंद केली. तेव्हापासून मूळ यंत्र आणि जुना टीव्ही ही जोडी चालू स्थितीत राखण्याचे काम हौशी संग्राहक व दुरुस्ती करणारे कारागीर यांच्यावर आहे.